विचारलं तेवढंच

कमी बोलून मोठी झालेली माणसं पुष्कळ असतील. पण दुसऱ्यांना कमी बोलायला लावून मोठा झालेला माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे ब्रिटनमधल्या कार्डिफचे ऑस्ट्रेलियन सॉलिसिटर. जन्म मेंढ्यांच्या गावातला, वकिलीचा श्रीगणेशा कुंपणांच्या भांडणांत. मग 'जरा जग बघून येतो' म्हणून जे इकडे आले, ते केस पिकले तरी इथेच. व्हिसाच्या खटल्यांत त्यांचं नाव एवढं, की त्यांना बघून समोरचा सरकारी वकील आधी घोटभर पाणी प्यायचा. आणि असा नामांकित माणूस भर थंडीत सुटाखाली सँडल घालून हिंडायचा! "बूट भिजले की वाळत नाहीत, पाय पुसता येतात," हे त्यांचं म्हणणं. आमची ही म्हणाली, "अहो, हे वाचवणार आपल्याला?" चिंता मलाही होतीच.

कारण माझं इथे राहणंच धोक्यात होतं. बाबांच्या आजारपणात मी बरेच महिने पुण्यात काढले. हा गृहस्थ इथलं बिऱ्हाड मोडून गेला असावा, असा संशय घेऊन माझा व्हिसाचा अर्ज फेटाळला गेला. अपील हरलो असतो तर बायको इथल्या हॉस्पिटलात नोकरीला, लेक इथल्या शाळेत आणि मी एकटा कोथरूडला.

साक्षीची तालीम त्यांच्या स्वयंपाकघरात चालायची. ड्रेसिंग गाऊन चढवून ते जज व्हायचे. पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं. मी नाव सांगितलं, आडनाव मूळचं कोणत्या गावचं ते सांगितलं, आजोबांनी ते का बदललं तेही सांगायला घेतलं. टण्ण! चमचा कपावर आपटला. "मेट, विचारलं तेवढंच." 'मेट' म्हणजे त्यांच्या ऑस्ट्रेलियन बोलीत 'मित्रा'. "चहा घेणार?" हीसुद्धा परीक्षाच असायची. "तसा सकाळी झालाय, पण..." म्हटलं की टण्ण, आणि चहा रद्द. मी नेलेले पोहे मात्र ते चाटूनपुसून संपवायचे. आता त्यांना काय सांगणार, आमच्या घराण्यात नुसतं 'हो' म्हणून आजवर कोणी थांबलेलं नाही!

सुनावणीला सरकारी वकीलबाईंनी विचारलं, "पुण्यात कायमचं राहायचा विचार होता?"

"नाही," मी म्हणालो. आमच्या साहेबांचा चेहरा फुलला. तिथे थांबावं की नाही माणसाने? पण बाई जरा गप्प राहिल्या, आणि कोणी गप्प बसलं की माझ्या जिभेला खाज सुटते.

"तसे रविवारी दोन-तीन फ्लॅट बघितले. पार्किंग छान होतं हं."

साहेबांच्या हातात चमचा नव्हता म्हणून मी वाचलो. त्यांनी सावकाश उठून विचारलं, "का बघितलेस?"

थापा सुचेनात, म्हणून खरं तेच बाहेर पडलं. "सँपल फ्लॅट बघायला आम्ही नेहमीच जातो. एसी असतो. समोसे देतात. घ्यायचा कोणाला असतो?"

"खरं असणार," साहेब जजबाईंना म्हणाले. "आमच्याकडेही लोक शनिवारी घरांचे लिलाव बघत हिंडतात. माझी बहीण कधी चुकवत नाही. आणि तिथे तर समोसेही नसतात."

जजबाई खुदकन हसल्या. पुढे निकाल आमच्या बाजूने लागला, आणि मी पेढे घेऊन त्यांच्याकडे धावलो. पेढा खातानाही ते मला 'एक वाक्य कमी बोल' असंच सांगत होते.

मला इथे ठेवलं आणि यंदा स्वतः मात्र ऑस्ट्रेलियाला निघाले. बहीण थकली होती, तिच्याजवळ राहायला कायमचे. स्टेशनवर त्यांना पोचवायला मी एकटाच होतो. पायांत तेच सँडल. गाडीच्या दारातून त्यांनी विचारलं, "माझी आठवण येईल का रे?"

सांगायचं केवढं होतं! लेक आता शाळेतून आली की मीच दार उघडतो, हे सांगायचं होतं. बाबा गेले तेव्हा साहेबांनी तासभर फोन धरून मला बोलू दिलं होतं, एकदाही टण्ण न करता, तेही सांगायचं होतं.

"हो," मी म्हणालो.

ते बघतच राहिले. मग म्हणाले, "मेट, आज थोडं लांबवलं असतंस तरी चाललं असतं."