आईच्या पाठीवरच्या लाल रेघा

आई नागपूरहून अमेरिकेत माझ्याकडे मॉरिसव्हिलला आली ती मान आखडूनच. चार दिवस शेक, बाम सगळं झालं. मान काही वळेना.

शेजारी एक चिनी आजी मुलाकडे राहायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी सकाळी फिरायला बरोबर जायच्या. एका संध्याकाळी मी ऑफिसमधून आले, तर आई खुर्चीवर उलटी बसलेली आणि आजी तिच्या पाठीला तेल लावून चिनी मातीचा चमचा मानेवरून खांद्याकडे ओढतायत. लालभडक रेघा उठल्या होत्या.

"अगं, हे काय! दुखत नाही?"

"चरचरतंय. पण मोकळं वाटतंय."

आजींनी फोनवरचं भाषांतर माझ्यापुढे धरलं. याला ग्वा शा म्हणतात, अंग आखडलं की करतात, डाग चार-पाच दिवसांत जातील, असं त्यात होतं.

दोनच दिवसांनी आईला बीपी दाखवायला नेलं. नर्सने पाठ पाहिली आणि मला शांतपणे बाहेर थांबायला सांगितलं. आत फोनवरून मराठी दुभाषी जोडून दिली. काय विचारत असतील ते मला कळलं. कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी आधी चिडले, मग नुसतीच लाजले. थोड्या वेळाने आतून आईचं हसू ऐकू आलं.

"सॉरी, विचारणं भाग होतं," नर्स म्हणाली.

"विचारलंत ते बरंच केलंत," मी म्हटलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे करायचं नाही, एवढं डॉक्टरांनी बजावलं. आईला तशी गोळी नव्हती.

परत येताना गाडीत आई मान सहज वळवून माझ्याकडे बघत म्हणाली, "लेक मारते का, म्हणून विचारलं मला."

"मग?"

"म्हटलं, मारत नाही. दिवसभर घरी नसते, एवढंच."

मी पुढच्या आठवड्यापासून बुधवारी घरून काम करायला लागले.

अशाच एका बुधवारी आईने बॅगेतून काशाची वाटी काढली. आजींना सोफ्यावर बसवलं, तळपायांना तूप लावलं आणि घासत बसली. तूप काळं होत गेलं तशा आजी घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या.

"सांग त्यांना, उष्णता उतरतेय," आई म्हणाली.

मी फोन उघडून टाइप करायला लागले.