बुऱ्याचं औषध

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात भागुबाईइतकं सुकं म्हावरं कुणाचं टिकत नसे. पावसाळाभर ती बोंबलांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवी. जरा बुरा दिसला की फडक्यानं पुसायचा, ऊन पडलं की वाळवायचं आणि फारच धरला असेल तर डबा सरळ खाडीत रिकामा करायचा. बुरशीशी तिचं जन्माचं वैर होतं.

१९५३च्या शिमग्यात तिच्या नवऱ्याच्या, गुणाजीच्या पायात शिंगाळा माशाचा काटा घुसला. पाय मांडीपर्यंत सुजला. बारा वर्षांपूर्वी त्यांची सात वर्षांची केसर पायाला शिंपला लागून भर पावसाळ्यात अशीच गेली होती. त्या धास्तीनं भागुबाईनं या खेपेला अंगारे-धुपारे केले नाहीत. गाडी जुंपून नवऱ्याला अलिबागला नेलं. पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली आणि पंधरा दिवसांत गुणाजी स्वतःच्या पायांनी घरात आला.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ केला तो मी. मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर, आणि कुणाला शहाणं केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे. फ्लेमिंग नावाच्या शास्त्रज्ञाची गोष्ट मी तिला ऐकवली. तो सुटीवरून परतला तर न धुतलेल्या बशीत बुरशी धरलेली, आणि तिच्याभोवतीचे रोगजंतू मेलेले. त्या बुरशीतून हे औषध निघालं. बुरा म्हणजे आपल्या म्हावऱ्यावर येतो तोच ना, असं भागुबाईनं दोनदा विचारलं. मी तोऱ्यात हो म्हटलं.

श्रावणात तिच्या घरी गेलो तर वासानं डोकं उठलं. माळ्यावरचं मडकं तिनं मला कौतुकानं काढून दाखवलं. आत बोंबील हिरवेगार झालेले. गुणाजीला पुन्हा काही लागलं तर बांधायला ठेवलेत म्हणाली. मी भडकलो. असलं जखमेला लावलंत तर पाय कापावा लागेल, प्रत्येक बुरशी औषध नसते, असं बरंच बोललो.

“मंग कंची असते?” तिनं विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. ती निळसर हिरवी असते एवढं वाचलं होतं, आणि मडक्यातली निळसर हिरवीच होती. माझाच गोंधळ उडाला. शास्त्रज्ञांना कळतं, असं काहीतरी मी पुटपुटलो.

भागुबाई खाली बसली. “केसर गेली त्या पावसात बी डबा असाच हिरवा झाला व्हता, मास्तर. पोर आत कण्हत व्हती आन् मी तो खाडीत वतून आले. त्येच्यात तिचं औषध व्हतं का?”

त्या साली हे औषध आपल्याकडे कुणालाच मिळत नव्हतं, असं सांगणार होतो. पण तिनं ते विचारलंच नव्हतं.

“नव्हतं,” मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी वर्गात कधी पाढेही म्हणून घेतले नव्हते.

ज्याला औषधाची बुरशी कुठली ते सांगता येत नाही, त्याला त्या डब्यातली ती नव्हती हे कळणं शक्य नाही, एवढं तिला समजत होतं. “बरं,” म्हणून तिनं मडक्यावर झाकण घातलं आणि ते पुन्हा माळ्यावर ठेवलं. फेकायला तिचा हात धजला नाही.