हात लाव, पोरी

"हात लाव. अगं लाव ना, चावत नाही."

असं म्हणून आमचे घरमालक काका समोरच्याचं मनगट धरायचे, तळवा दगडावर टेकवायचे आणि मग आपल्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. संध्याकाळ झालेली असायची, वारा सुटलेला असायचा आणि दगड मात्र दिवसभराचं ऊन पोटात घेऊन गरम असायचा. आपण "खरंच की!" म्हणेपर्यंत मनगट सुटायचं नाही. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याला टाळायला आपण लांबच्या वाटेनं जातो. मीही सुरुवातीला जायचे.

तारनाक्याला आमच्या कॉलनीमागं मोकळी जागा होती आणि तिथं तीन प्रचंड दगड एकावर एक बसलेले होते. सगळं हैदराबाद कधीकाळी असल्या दगडांचंच होतं. फोडून फोडून त्यांच्या जागी इमारती आल्या, आमचीही त्यातलीच. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांचं घराणं निजामाच्या काळात परभणीकडून आलेलं. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू.

एकदा मी इंग्लंडला जाऊन आले. स्टोनहेंजच्या पुरातन दगडांचे फोटो मोठ्या हौसेनं त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिले.

"हात लावू दिला?"

"नाही हो काका. दोरी बांधलेली असते, लांबूनच बघायचं."

"मग काय बघितलीस, पोरी? उगं परेशान झालीस." आणि मला धरून मागं घेऊन गेले.

काकूंना मी पाहिलं नाही. त्यांची पाठ फार दुखायची. रोज संध्याकाळी काका त्यांना खालच्या दगडाला टेकवून बसवायचे, तेवढीच पाठ शेकली जायची. काकू गेल्यावर काका त्याच जागी स्वतः टेकून बसू लागले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडं बघत.

मग कॉलनीच्या समितीनं ठरवलं की तिथं पार्किंग करायचं. काका पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "कोणत्या राजानं बांधलं?" काका म्हणाले, "राजाच्या बापाच्याही आधीचं आहे, साहेब. डायनासोरच्या आधीचं." साहेब म्हणाले, मग ते आमच्याकडं येत नाही.

समितीच्या बैठकीत ते उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज चिरकत होता. ऑस्ट्रेलियात एक लाल दगड आहे, त्याला बघायला जगभरातून लोक येतात, असं ते सांगू लागले. सेक्रेटरी सज्जन माणूस, समजुतीनं म्हणाले, "वो ऑस्ट्रेलिया है अंकल. ये तो पत्थरच है ना. कायकू टेन्शन लेते?"

दुसऱ्या दिवशी दगड फोडायला कॉम्प्रेसर यायचा होता. सकाळपासून दगडाला भोकं पाडून त्यात सुरुंगाची दारू भरायची होती. पहाटेच माझं दार वाजलं. काका बनियनवरच उभे होते, दाढी वाढलेली, डोळे लाल.

"पोरी, शेंदूर आहे का घरात?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. हा माणूस काकूंच्या उपासांना हसलेला, देवळाच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसणारा. "ऑस्ट्रेलियातला तो दगड देव होता म्हणून त्यावर चढणं बंद झालं," ते म्हणाले. "दुसरं काही सुचंना गेलंय मला." माझ्याकडं शेंदूर नव्हता. जवळच्या नल्लकुंट्यातल्या पूजेच्या दुकानदाराला उठवून तो आणला. तेलात कालवताना अर्धा काकांच्या बनियनवर सांडला. खालच्या दगडाला, काकूंची पाठ टेकायची त्याच जागी, त्यांनी तो दोन्ही हातांनी फासला. वर लिंबू ठेवलं, नारळ फोडला.

कॉम्प्रेसरवाला आला, त्यानं पाहिलं आणि चप्पल काढली. "अम्मवारु!" म्हणत देवीला हात जोडले आणि मशीन घेऊन निघून गेला. पार्किंग रद्द झालं. काका दगडाला पाठ लावून बसले आणि हसता हसता रडायला लागले.

पुढं जे झालं ते आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. बायका हळद-कुंकू घेऊन येऊ लागल्या. आषाढात देवीच्या बोनालू सणाच्या वेळी डोक्यावर नैवेद्याची मडकी घेऊन रांग लागली. देवीच्या डोक्यावर भार नको म्हणून वरचे दोन दगड फोडले. तोच कॉम्प्रेसरवाला आला होता, यावेळी कपाळाला कुंकू लावून. खालच्या दगडाला फरशा बसवल्या. देवीला ऊन लागतं म्हणून वर स्लॅब टाकला.

काका सेक्रेटरींच्या घरी गेले. मी सोबत होते. "ती देवी नाही. शेंदूर मी लावला. मी, माझ्या हातानं. खोटं आहे ते सगळं!" ते ओरडत होते. सेक्रेटरींनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांचे डोळे भरून आले होते. "अंकल, अम्मवारुच आपके हाथ से करवाए."

काका जिना उतरताना दोनदा बसले. त्यानंतर त्यांना दर मंगळवारी पहिला प्रसाद घरपोच यायचा. तो ते तसाच टेबलावर ठेवायचे.

एका संध्याकाळी त्यांनी मला शेवटचं तिथं नेलं. फरशांमध्ये शेंदराची जागा तेवढी उघडी ठेवली होती. सवयीनं त्यांनी माझं मनगट धरलं, तळवा टेकवला. बाहेर रस्ता दिवसभर तापलेला होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"काढ हात, पोरी," ते म्हणाले. "गार पडलाय."

थंडीत ते गेले. संध्याकाळचं अंगणातसुद्धा बसायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

समितीनं देवळात त्यांचा मोठा फोटो लावला, खाली 'संस्थापक' असं लिहून, झेंडूचा हार घालून. सगळ्यांनी प्रेमानं केलं, मलाही बोलावलं होतं. फोटो जड होता, फरशीत खिळा धरेना. मग ड्रिल मशीन आणलं आणि फरशीतून आरपार थेट दगडालाच भोक पाडलं.