ताई आणि तिचे जंतू

मातीतल्या जंतूंवर पोटच्या लेकरांसारखी माया करणारं माणूस जगात एकच असेल, आणि ते म्हणजे माझी जानेफळची मामेबहीण. ताई मलकापूरच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते आणि उरलेला सगळा वेळ तिथल्या लहानशा प्रयोगशाळेत काढते. माझ्या लग्नात वरात दारात येऊन खोळंबली, तर ही करवली शालू खोचून मांडवामागच्या उकिरड्यावर बसलेली, चमच्यानं बाटलीत माती भरत. मामी ओरडल्या, "अवं, लोक काय म्हणतीन?" ताई म्हणाली, "यातल्या जंतूले औषध बनवता येते आई, लोकायले येते का?" जंतूच्या पोटात एन्झाइम नावाचे मिस्त्री असतात, ते तुकड्याला तुकडा जोडून अँटिबायोटिक उभं करतात, हे तिनं एसटीच्या कंडक्टरलाही समजावून सांगितलं होतं. मामा हे सगळं कौतुकानं ऐकायचे आणि जरा बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फेकून द्यायचे. "बाबा, औषध अर्ध्यात सोडलं की जंतू शिकून शहाणे होतात!" ती चिडायची. "मंग शिकू दे ना," मामा म्हणायचे, "तुले नाही का शिकवलं?"

गेल्या वर्षी मामांच्या पायाला विळा लागला. जखम चिघळली, ताप उतरेना. दवाखान्यात एकामागून एक अँटिबायोटिक देऊन झालं, एकही लागू पडेना. नेमकं त्याच महिन्यात ताईला तिच्या जंतूत एक नवा मिस्त्री सापडला होता, नवंच औषध जोडणारा. मामांनी विचारलं, "तुह्यावालं औषध देऊन पाह्यतं का मले?"

"ते माणसाले द्याले अजून लई वर्षं लागतीन, बाबा."

"बरं," मामा म्हणाले. तिचं तोंड पाहून त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्याच आठवड्यात ते गेले. तेराव्याला कोणीतरी म्हणालंच, "एवढी शिकून काय कामाची?" ताई खाली मान घालून पंगतीत वाढत राहिली.

परवा मलकापूरला उतरलो तेव्हा तिला भेटायला गेलो. तिनं एक काचेची बशी माझ्यापुढे धरली. बशीभर पांढरट साय धरली होती, आणि मधल्या ठिपक्याभोवती तेवढं स्वच्छ, रिकामं गोल कडं.

"ही साय बाबांच्या जखमेतल्या जंतूंची हाये," ती म्हणाली. "डॉक्टरकडून मागून आणले होते. मधात माह्यावाला जंतू. त्याच्याजवळचे सारे मेले, पाह्य."

बाहेरून नागपूरकडची गाडी धडधडत गेली. "चांगलं झालं ताई," एवढंच म्हणालो.

"हाव," ती म्हणाली, आणि बराच वेळ ती बशी हातात धरून उभी राहिली.