शेजारच्या आंटीचा उपास

इकडे परदेशात, स्कोफिल्ड्सला आम्ही नवीन घरात आलो, तेव्हा शेजारची टोंगा बेटांवरची आंटी केक घेऊन आली आणि मी आपल्या रीतीने तिच्या हातात चहाचा कप दिला. तिने तो नुसता धरून ठेवला. पुढच्या वेळीही तेच. "अर्धा तरी घ्या" म्हणून मी पिच्छा पुरवला आणि मनातून जाम चिडले. एवढा काय वाईट असतो माझा चहा? आंटी येशूला मानणाऱ्या मॉर्मन पंथाची, आणि ते लोक चहा-कॉफी घेत नाहीत, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. तोवर माझी लेक तिच्या मांडीवर झोपायला लागली होती.

लेकीच्या हृदयाला जन्मापासून भोक. चार वर्षांची झाली आणि ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी माझी वसईची कॅथलिक मैत्रीण, अगदी युनिव्हर्सिटीपासूनची, जपमाळ घेऊन घरी आली. आंटी लेकीच्या वेण्या घालत होती. मी म्हटलं, "बरं झालं, दोघी ख्रिश्चन आहात, मिळून प्रार्थना करा." मला काय, देवाकडे जेवढ्या ओळखी तेवढ्या बऱ्या.

मैत्रीण मराठीत म्हणाली, "अगं, मॉर्मन म्हणजे ख्रिश्चन नव्हेत. बायबलच्या जोडीला त्यांचं वेगळं पुस्तक असतं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे ते आमच्यासारखं मानत नाहीत. त्यांचा बाप्तिस्माही आमचं चर्च धरत नाही."

"हे आत्ताच काढायला हवं होतं का?" मी फाडकन बोलले. आंटीने शेवटच्या वेणीला रबर लावला, लेकीचा पापा घेतला आणि घरी गेली. मग मी मैत्रिणीशीही धड बोलले नाही.

सकाळी हॉस्पिटलात लेकीला आत नेलं. ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं. मैत्रीण आली, आणि पाठोपाठ आंटीही. मी मशिनमधून तीन चहा आणले आणि एक आंटीच्या हातात दिला. डोकं ठिकाणावर होतंच कुठे.

"सॉरी आंटी, पाणी आणते."

"पाणीही नको, डार्लिंग. काल संध्याकाळपासून काही घेतलेलं नाही. तिच्यासाठी उपास आहे. ती बाहेर येऊ दे."

म्हणजे निर्जळी. माझ्या पोरीसाठी. आणि मी तिची आई, येताना गाडीत टोस्ट खाऊन आले होते. मला रडूच फुटलं.

मैत्रिणीने आपला चहा खाली ठेवला. आंटी तिच्याकडे वळली. आवाजात राग नव्हता.

"मला तुमची भाषा येत नाही. पण 'मॉर्मन' आणि 'ख्रिश्चन' हे शब्द ऐकले, आणि काल तू काय म्हणालीस ते कळलं. लहानपणापासून ऐकतेय. मी येशूची नसेन, तर कालपासून मी बोलतेय कोणाशी?"

मैत्रीण उठली, कागदी ग्लासात पाणी घेऊन आली आणि आंटीच्या शेजारी बसली. ग्लास तिने खाली ठेवला नाही. दुपारपर्यंत तो नरम पडला, तेव्हा तिने पाणी दुसऱ्या ग्लासात ओतलं आणि पुन्हा तशीच धरून बसली.

डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट झालं म्हणाले. मी दाराकडे धावले. वळून पाहिलं, तर मैत्रीण आंटीच्या ओठांना ग्लास लावत होती. "हळू, आंटी, एकेक घोट," म्हणत होती आणि स्वतःच रडत होती.