पाणी मागेपर्यंत

आमच्या घरी जेवताना मीठ मागायची सोय नव्हती. बाबा डोंबिवलीतल्या एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. कोणी मीठ मागितलं की ते बरणी हाताखाली धरून सांगू लागत: मीठ ‘मिष्ट’वरून आलं, म्हणजे मुळात गोड, मिठाईचं सख्खं भावंड. भात म्हणजे ‘भक्त’, वाट्याला आलेला भाग. सून ‘स्नुषा’, लोणी ‘नवनीत’. लग्नानंतर माझा नवरा पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा त्या बिचाऱ्याने अळणी आमटीच संपवली. आई म्हणायची, “अहो, आधी वाढा, मग शिकवा.”

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं हळूहळू सुधारलं, बोलणं मात्र गेलं. तोंडातून नुसते आवाज यायचे. मी कळव्याहून जमेल तशी यायचे. एका दुपारी त्यांना भरवताना मी सवयीने म्हणाले, “बाबा, हे बघा लोणी,” आणि ते स्पष्ट म्हणाले, “नवनीत.”

मी रडले. आम्ही बिल्डिंगभर पेढे वाटले. व्युत्पत्ती आली म्हणजे माणूस परत आला, असं फक्त आमच्याच घराला वाटू शकतं. मग तो नादच लागला. जुने विद्यार्थी शीळफाट्याचा ट्रॅफिक सोसून भेटायला येत आणि कॉटशेजारी बसून विचारत, “सर, ऊस?” “इक्षु.” “पाऊस?” “प्रावृष.” की टाळ्या. आई चहाचा ट्रे ठेवून आत निघून जायची. मला तिचा राग यायचा. एवढं चांगलं चाललंय, तर हिचं तोंड का उतरलेलं?

ठाण्याच्या स्पीच थेरपिस्टने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माझ्यापेक्षा बरीच लहान मुलगी. “मॅडम, हे पाठांतर आहे,” ती म्हणाली. “आयुष्यभर घोकलेलं आपोआप येतं. त्याला बोलणं नाही म्हणता येणार. तहान लागली की ते पाणी मागतात का?”

मी आईकडे पाहिलं.

“नाही,” आई म्हणाली. “कॉटच्या दांडीवर हात आपटतात. मग मी देते.”

“आता लगेच देऊ नका. ग्लास दिसेल असा ठेवा आणि थांबा. आपण काही विचारायचं नाही. त्यांनी मागायला हवं.”

सांगायला सोपं होतं. कारखान्यांच्या वासामुळे खिडक्या बंद, खोलीत उकाडा, ग्लास टेबलावर. बाबा हात आपटताहेत, ओठ वेडेवाकडे करून काहीतरी जुळवू पाहताहेत, आणि आम्ही दोघी गप्प. पिण्याजोगं ते ‘पानीय’, त्यावरून पाणी, हे त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलेलं. विचारलं असतं तर फटकन सांगितलं असतं. मागता मात्र येत नव्हतं. शेवटी आईच उठून ग्लास त्यांच्या ओठांना लावायची.

“अगं, थांब की जरा,” मी चिडायचे.

“तू थांब. मला नाही बघवत.”

एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “हे असंच राहिलं तर मी बोलू कोणाशी गं?” त्या दिवसापासून मी विद्यार्थ्यांचं येणं बंद केलं.

दिवाळी उलटून गेल्यावर एका संध्याकाळी आई कुकर लावून नेहमीसारखी कॉटसमोर येऊन बसली. बाबांनी हात आपटला नाही. ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग ओठ हलले.

“ताई,” ते म्हणाले, “पाणी.”

झटक्यानंतर त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि हाक हॉस्पिटलमधल्या सिस्टरला मारावी तशी, अदबीची. आईला ते जन्मभर ‘अगं’ म्हणत आले होते. थेरपिस्टला ही बातमी कशी सांगायची तेच मला कळेना.

आईने ग्लास उचलला. थोडं पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं, ते तिने पदराने टिपलं. “घ्या,” ती म्हणाली. बाबा दोन घोट प्यायले आणि परक्या माणसाला करावा तसा किंचित मान लववून त्यांनी नमस्कार केला.

“मागितलं ना त्यांनी? मग झालं तर,” आई माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि आणखी पाणी आणते म्हणून आत गेली. ग्लास अजून जवळजवळ भरलेलाच होता.