डायपरवरची पट्टी

इथे आखातात हॉस्पिटलची बस पहाटे सहाला आमच्या मंगफ वस्तीच्या कोपऱ्यावर यायची आणि आमच्या भागातली नर्सरी साडेसातला उघडायची. घरी बाई ठेवायची तर माझा निम्मा पगार तिलाच गेला असता. म्हणून दहा महिन्यांच्या मुलीला मी तळमजल्यावरच्या वहिनींकडे ठेवायला लागले. त्या रत्नागिरीकडच्या, नवरा वेल्डर. आणखी तीन मुलं त्या सांभाळायच्या. त्यांनी नाही म्हटलं तर मुलीला सासूबाईंकडे सांगलीला पाठवायचं, हे आमचं ठरलेलं होतं.

तरी माझा त्यांच्यावर भरवसा नव्हता. मुळात स्वभावच संशयी, त्यात वॉर्डातली नोकरी. दुपारी मुलीला घेताना मी आधी तिचं तोंड हुंगायचे. झोपेचं औषध तर पाजत नाहीत ना? वहिनी हौसेनं सांगायच्या, "सिस्टर, आज तासभर कबुतराशी बोलत बसली होती." मला वाटायचं, म्हणजे तासभर खिडकीत एकटीला बसवून ठेवली होती.

एकदा तिच्या मांड्यांवर लाल चट्टे दिसले. डायपर दिवसभर बदलतच नसणार, मी ठरवूनच टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, सलाइनच्या सुईवर लावतो तशी चिकटपट्टी मी तिच्या डायपरवर लावली. वर तारीख, वेळ आणि माझी सही. दुपारी घरी आणून पाहिलं तर पट्टी जागच्या जागी, अक्षरही माझंच. मुलीला उचलून मी तशीच खाली गेले.

"सकाळपासून एकदाही डायपर बदलला नाही?"

वहिनींनी कचऱ्याची पिशवी उघडून दाखवली. आत वापरलेले डायपर होते. "पट्टी तुम्ही लावलेली. मला वाटलं, चट्ट्यांसाठी काही औषधाचं असेल. दर वेळी अलगद काढून नव्या डायपरला लावत होते."

मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पट्टी कशासाठी होती, ते त्यांच्या ध्यानात आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पिशवीतले डायपर हिचेच कशावरून, हे मनात आलंच. माफी मागायची राहून गेली.

त्यांनी मुलीला सांभाळायला नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र मुलीबरोबर एक कागद मिळायला लागला. दूध किती वाजता, डायपर किती वाजता, झोप किती वेळ. आमच्या वॉर्डातल्या नर्सही इतकं नीट लिहीत नसत. मी रोज तपासायचे. कबुतराचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी वहिनींनी दार उघडलं, तर मुलगी भिंत सोडून चार पावलं चालत माझ्याकडे आली. घरी मी तिला कडेवरून खाली सोडतच नव्हते.

"ही कधी चालायला लागली?"

"परवा." वहिनींनी कागद माझ्या हातात दिला. "हे लिहायचं असतं, असं तुम्ही सांगितलं नव्हतं, सिस्टर."

वर येऊन मी कागद वाचला. वेळा सगळ्या बरोबर होत्या.